चालू यंत्रात स्मृतीची भर आणि घट

जयपूर शहराच्या कडेला अरवली पर्वताच्या ज्या टेकड्या आहेत, त्यांपैकी झालानाचे नाव बिबट्यांच्या वनामुळे सर्वत्र परिचित झाले आहे. या टेकड्यांच्या पायथ्याशी झालाना डुंगरी हे संस्थांचे क्षेत्र वसले आहे. शासकीय कार्यालये आणि शिक्षणसंस्था यांच्याबरोबरच राजस्थान शासनाचे भामाशाह टेक्नो हब व राज्याचे डेटा सेंटर याच क्षेत्रात आहे. संकटकाळी ज्याने आपले सारे धन महाराणा प्रतापांच्या स्वाधीन केले असे परंपरा सांगते, तो मेवाडचा मंत्री म्हणजे भामाशाह.

डेटा सेंटर म्हणजे असंख्य संगणक रात्रंदिवस अखंड चालू ठेवण्यासाठी उभारलेली वास्तू. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, जमिनीच्या नोंदी, परीक्षांचे निकाल यांसारखी माहिती अशा ठिकाणी साठविलेली असते. तेथील यंत्र अर्धा तास जरी बंद ठेवले, तरी दूरच्या एखाद्या गावात खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम अडते. तथापि यंत्राची गरज सदैव सारखी नसते. महाराष्ट्रात दहावीचा निकाल जाहीर होतो त्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच वेळी तो पाहू लागतात. चार दिवसांनी त्याच यंत्राला फारसे काम उरत नाही. गर्दीच्या वेळी यंत्राला अधिक स्मृती मिळावी आणि गर्दी ओसरल्यावर ती दुसऱ्या कामासाठी परत घेता यावी, आणि हे सर्व यंत्र बंद न करता व्हावे, अशी योजना करता येते काय? येते. चालू यंत्रात स्मृतीची भर घालण्यास हॉट-ॲड आणि ती काढून घेण्यास हॉट-रिमूव्ह म्हणतात. वरवर पाहता ही एकाच क्रियेची दोन टोके वाटतात. प्रत्यक्षात भर घालणे हे पुष्कळ सोपे आणि घट करणे हे फार अवघड काम आहे. असे का, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. गाभा आणि त्याचे दप्तर

संगणकाची कार्यकारी स्मृती म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा. वीज बंद होताच ती पुसली जाते. ही जागा निरनिराळ्या आज्ञावलींना वाटून देण्याचे काम कार्यप्रणालीचा गाभा करतो. त्या गाभ्याला कर्नल असे नाव आहे. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा कर्नल आज सर्व्हरांवर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्याच्या आज्ञा कोणालाही वाचावयास खुल्या आहेत. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासास तोच सोयीचा आहे.

कर्नल स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो. अशा तुकड्याला पान म्हणतात. सामान्यतः एका पानात ४,०९६ बाइट, म्हणजे ४ किलोबाइट मावतात. (या पाठात किलोबाइट, मेगाबाइट आणि गिगाबाइट ही मापे क्रमाने १,०२४ पटीने वाढतात असे समजावे.) ज्या यंत्रात १६ गिगाबाइट स्मृती आहे, त्यात अशी ४१,९४,३०४ पाने होतात.

इतक्या पानांचा हिशेब ठेवावयाचा तर दप्तर हवे. गावातील प्रत्येक जमिनीचा जसा सातबारा उतारा असतो आणि ती जमीन कोणाची, कोण कसतो, तिच्यावर बोजा कोणता, हे त्यावरून कळते, तशी कर्नलच्या दप्तरात प्रत्येक पानाची एक नोंद असते. पान मोकळे आहे की दिलेले, ते किती जण वापरीत आहेत, ते हलविता येईल काय, ही माहिती तीत असते. प्रचलित ६४-बिट यंत्रांवर ही नोंद सामान्यतः ६४ बाइटांची असते. ४,०९६ ला ६४ ने भागले की ६४ येतात. म्हणजे एकंदर स्मृतीचा चौसष्टावा हिस्सा केवळ दप्तरासाठी खर्च होतो. १६ गिगाबाइटांच्या यंत्रात हा खर्च २५६ मेगाबाइट आहे.

२. दोन प्रकारचे पत्ते

पुढील भाग समजण्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज्ञावलीला स्मृतीचा खरा पत्ता कधी ठाऊक नसतो. तिला कर्नल आभासी पत्ता देतो, आणि कोणता आभासी पत्ता कोणत्या प्रत्यक्ष पानाशी जोडला आहे, याची सारणी स्वतःपाशी ठेवतो. समजा, एका आज्ञावलीचा ७०० क्रमांकाचा आभासी पत्ता प्रत्यक्ष पान ५०१२ कडे नेतो. कर्नलने त्या पानातील मजकूर ९१२० या पानावर उतरवून घेतला आणि सारणीत ५०१२ च्या जागी ९१२० लिहिले, तर आज्ञावलीला काहीच कळत नाही. तिच्या दृष्टीने ७०० हा पत्ता पूर्वीसारखाच आहे.

कर्नलच्या स्वतःच्या वापरातील पानांची गोष्ट निराळी आहे. वेगासाठी आणि सोपेपणासाठी कर्नल बहुतेक स्मृती थेट पत्त्याने पाहतो: प्रत्यक्ष पत्त्यात एक ठराविक संख्या मिळविली की कर्नलचा पत्ता मिळतो. येथे पान हलविले की पत्ताही बदलतो, आणि जुना पत्ता कर्नलमध्ये कोठे कोठे लिहून ठेवला आहे हे शोधण्याचा सर्वसाधारण मार्ग नाही. म्हणून अशी पाने आहेत तेथेच राहतात.

कायद्याच्या भाषेत मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भेद करतात. तेच शब्द येथे वापरण्यास हरकत नाही. आज्ञावलींची बहुतेक पाने जंगम होत. कर्नलची बहुतेक पाने स्थावर होत. भर सोपी आणि घट अवघड असण्याचे मूळ या भेदात आहे.

३. भर कशी पडते

पूर्वी कर्नलचे दप्तर यंत्र सुरू होतानाच एकसंध बांधले जाई. स्मृती पुढे वाढेल ही कल्पनाच त्यात नव्हती. २००५ साली लिनक्समध्ये विरळ स्मृतीची रचना स्वीकारली गेली. तीत पत्त्यांच्या साऱ्या विस्ताराचे ठराविक आकाराचे विभाग पाडले जातात. ज्या विभागात स्मृती खरोखर आहे, त्याचेच दप्तर तयार होते. बाकीचे विभाग कोरे राहतात. सर्वसाधारण ६४-बिट सर्व्हरांवर असा विभाग १२८ मेगाबाइटांचा असतो. त्यात ३२,७६८ पाने येतात आणि त्यांच्या नोंदींना २ मेगाबाइट जागा लागते. दप्तर अशा सुट्या भागांचे झाल्यावर त्यात नवा भाग जोडणे शक्य झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चालू यंत्रात स्मृतीची भर घालण्याची सोय लिनक्समध्ये आली.

भर घालण्याचे काम दोन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात यंत्राचे फर्मवेअर कर्नलला कळविते की अमुक पत्त्यापासून अमुक पत्त्यापर्यंत नवी स्मृती आली आहे. तो पट्टा आधीच कोणाच्या नावावर नाही ना, हे कर्नल तपासतो. नव्या पानांच्या नोंदी तयार करतो. स्वतःची पत्त्यांची सारणी त्या पट्ट्यापर्यंत वाढवितो. आणि ही स्मृती कोणत्या प्रोसेसराच्या जवळची आहे याची नोंद घेतो. एवढे झाले तरी स्मृती अजून वापरात येत नाही. या अवस्थेला ऑफलाइन म्हणतात.

दुसऱ्या टप्प्यात त्या स्मृतीचे खंड ऑनलाइन केले जातात, म्हणजे त्यांतील पाने मोकळ्या पानांच्या साठ्यात सोडली जातात. हे दोन टप्पे निराळे ठेवण्यास कारण आहे. नवी स्मृती कोणत्या कामासाठी वापरावयाची, याचा निर्णय या दोहोंच्या मध्ये घ्यावयाचा असतो. आणि तोच निर्णय पुढे घट शक्य होईल की नाही हे ठरवितो.

येथे एक चमत्कारिक अडचण संभवते. केवळ १ गिगाबाइट स्मृतीवर चालू असलेल्या यंत्राला एकदम ६४ गिगाबाइट देऊ केले, असे समजा. त्या ६४ गिगाबाइटांच्या नोंदींसाठी त्यांचा चौसष्टावा हिस्सा, म्हणजे बरोबर १ गिगाबाइट लागेल. यंत्रापाशी आहे तेवढे सगळे दप्तरातच जाईल! म्हणजे ज्याला स्मृतीची सर्वांत अधिक निकड आहे, तेच यंत्र ती स्वीकारण्यास असमर्थ ठरेल. यावर उपाय म्हणून २०२१ साली लिनक्सच्या ५.१३ या आवृत्तीत अशी सोय झाली की नव्या खंडाचे दप्तर त्या खंडातच मांडावे.

४. घट कशी होते

आता उलट बाजू पाहू. एक खंड काढून घ्यावयाचा आहे. त्यातील काही पाने मोकळी आहेत, काही वापरात आहेत. कर्नलला पुढील क्रमाने जावे लागते.

प्रथम तो खंड वेगळा काढला जातो. त्यातील मोकळे पान यापुढे कोणासही द्यावयाचे नाही, अशी खूण केली जाते. हे आधी केले नाही, तर एका बाजूने खोली रिकामी करावी आणि दुसऱ्या बाजूने तीत नवे बिऱ्हाड यावे, असा प्रकार होईल. शिवाय प्रत्येक प्रोसेसर थोडी मोकळी पाने खिशातील सुट्या पैशांप्रमाणे स्वतःजवळ बाळगतो. तीही परत मागवावी लागतात.

दुसरे काम वापरातील पाने हलविण्याचे. प्रत्येक पानासाठी दुसरीकडे मोकळे पान शोधावयाचे. सारणीतील जुनी नोंद काढून तेथे ‘स्थलांतर चालू आहे’ अशी खूण ठेवावयाची. मजकूर उतरवून घ्यावयाचा. मग नवा पत्ता लिहावयाचा. प्रोसेसर नुकतेच वापरलेले पत्ते स्वतःजवळ टिपून ठेवतात, म्हणून जुनी नोंद काढताच ती टिपणेही सर्व प्रोसेसरांवर पुसावी लागतात. मध्येच एखादी आज्ञावली त्या पानाकडे वळली, तर तिला स्थलांतर पुरे होईपर्यंत थांबविले जाते. हा विलंब इतका अल्प असतो की वापरणाऱ्या माणसाच्या तो सहसा लक्षातही येत नाही.

तिसरे काम तपासणीचे. खंडातील एकूण एक पान मोकळे झाले आहे ना, हे पाहिले जाते. झाले असेल तर खंड ऑफलाइन होतो. त्यानंतर त्याच्या नोंदी, सारणीतील त्याचे पत्ते आणि शेवटी तो पट्टाच कर्नलच्या दप्तरातून निघून जातो. मगच ती स्मृती खरोखर काढून घेता येते.

या खंडातील ३२,७६८ पानांपैकी एक जरी पान स्थावर निघाले, तर काय होईल? सगळा प्रयत्न फसेल. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट पाने रिकामी झाल्याचा काही उपयोग नाही. खंड संपूर्ण रिकामा झाला तरच घट होते. म्हणूनच जेथे स्थावर पाने साऱ्या स्मृतीभर विखुरलेली आहेत, तेथे पुष्कळ स्मृती मोकळी असूनही एकही खंड सुटा करता येत नाही, अशी स्थिती उद्भवते.

अशा वेळी कर्नलने धाडस केले तर परिणाम भयंकर होतात. ज्या पानाचा पत्ता कोठेतरी लिहिलेला आहे, ते पान काढून घेतले, तर पुढे केव्हातरी कर्नल त्या पत्त्यावर जाईल आणि तेथे काहीच नसेल. यंत्र तत्काळ बंद पडले तर ते त्यातल्या त्यात बरे. त्या पत्त्यावर दुसरीच माहिती आली असेल, तर चुकीचा आकडा खरा म्हणून पुढे जाईल आणि ही चूक कदाचित कोणाच्याच लक्षात येणार नाही. एखाद्याच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदीत अशी चूक होणे परवडणारे नाही. यासाठी कर्नलचा नियम स्पष्ट आहे: खात्री असेल तरच काढावयाचे. जे पान आज हलत नाही ते थोड्या वेळाने हलेल, अशी शक्यता असेल तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि चालकाने थांबविले तर थांबतो. पान मुळीच हलणारे नसेल तर तो नकार देतो आणि वेगळा काढलेला खंड पूर्ववत साठ्यात सोडतो. हा नकार म्हणजे यंत्रातील दोष नसून त्याची सावधगिरी होय.

५. जंगम क्षेत्राची योजना

यावर तोडगा एकच: स्थावर पाने सर्वत्र पसरूच द्यावयाची नाहीत. ही कल्पना लिनक्सच्या आधीची आहे. सन कंपनीने १९९७ साली आणलेल्या एंटरप्राइज १०००० या मोठ्या सर्व्हरातील पाट्या यंत्र चालू असताना काढता-घालता येत. तेथेही कर्नलची न हलणारी स्मृती ठराविक पाट्यांवर कोंडून ठेवण्याची युक्ती योजिली गेली होती.

लिनक्समध्ये मेल गॉर्मन याच्या कामातून दोन सुधारणा झाल्या. २००७ साली २.६.२३ या आवृत्तीत जंगम क्षेत्र आले: हा स्मृतीचा असा भाग की त्यात केवळ हलविता येणारी पानेच ठेवावयाची. पाठोपाठ, जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ या आवृत्तीत, उरलेल्या स्मृतीतही सारख्या स्वभावाची पाने शक्यतो एकत्र ठेवण्याची पद्धत आली. याच आवृत्तीत खंड ऑफलाइन करण्याची सोय झाली. या गोष्टी एकाच सुमारास घडाव्यात यात आश्चर्य नाही. पाने कोठे ठेवावयाची याची शिस्त आल्यावाचून ती काढून घेण्याची आशा धरता येत नव्हती.

म्हणून नवी स्मृती ऑनलाइन करताना चालकाला निवड करावी लागते. ती जंगम क्षेत्रात घातली, तर पुढे परत मिळण्याचा संभव बराच वाढतो. सामान्य क्षेत्रात घातली, तर कर्नल स्वतःची पाने तेथे मांडू शकतो, आणि तसे एकही पान तेथे बसले की परतीची वाट बंद होऊ शकते. ज्या दिवशी भर पडते, त्या दिवशीच घटीचे भवितव्य ठरते, ते असे.

मग सगळीच स्मृती जंगम का करू नये? कारण कर्नललाही जागा लागते. पानांच्या नोंदी, पत्त्यांच्या सारण्या, उघडलेल्या फाइलींची माहिती हे सारे स्थावर असते आणि काम वाढले की वाढते. जंगम क्षेत्र अवास्तव मोठे केले, तर तेथे गिगाबाइटच्या गिगाबाइट मोकळे असूनही कर्नलला स्वतःसाठी पान मिळत नाही, आणि चालू आज्ञावली बंद करण्याची वेळ येते. विहिरीत पाणी आहे पण आपल्या पोहऱ्याचा दोर तेथवर पोहोचत नाही, अशी ही अवस्था. जंगम आणि सामान्य क्षेत्रांचे प्रमाण ३:१ किंवा फार तर ४:१ इतके असल्यास चालू शकते, पण ते कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे, असे लिनक्सच्या दस्तऐवजात सांगितले आहे.

जंगम क्षेत्रातील पानही क्वचित अडून बसते. नेटवर्क कार्डासारखी उपकरणे प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लिहितात. असे लेखन चालू असताना ते पान हलविणे म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताखालचा कागद ओढून घेणे होय. म्हणून ते पान तेवढ्यापुरते जखडून ठेवतात. जे पान दीर्घकाळ जखडावयाचे आहे, ते आधी जंगम क्षेत्राबाहेर नेऊन मगच जखडावे, अशी काळजी अलीकडच्या आवृत्त्यांत घेतली जाते.

६. आभासी यंत्रे आणि स्मृतीची देवघेव

चालू सर्व्हरचे झाकण उघडून त्यात स्मृतीची पट्टी बसविणे, हे चित्र आता विरळ झाले आहे. आजच्या डेटा सेंटरांत एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालतात. प्रत्येक आभासी यंत्राला आपण स्वतंत्र संगणक आहोत असे वाटते. मूळ संगणकातील स्मृती या यंत्रांमध्ये वाटलेली असते. एकाकडून घेऊन दुसऱ्याला देण्यास पेचकस लागत नाही. निकालाच्या दिवशी लागणारी वाढीव स्मृती बहुधा अशीच दिली जाते.

या देवघेवीची एक जुनी रीत म्हणजे फुगा. आभासी यंत्राच्या आत एक छोटी आज्ञावली स्मृती मागून घेते, म्हणजे फुग्यासारखी फुगते, आणि मिळालेली पाने खालच्या मूळ संगणकाला देऊन टाकते. कार्ल वॉल्डस्पर्गर याने २००२ साली व्हीएमवेअरच्या प्रणालीसंबंधी लिहिलेल्या निबंधामुळे ही रीत विख्यात झाली. तीत खंड संपूर्ण रिकामा होण्याची अट नाही. सुटी पानेही चालतात. परंतु फुग्यात गेलेल्या पानांच्या नोंदी यंत्राच्या दप्तरात तशाच राहतात, आणि यंत्राला आरंभी नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे स्मृती वाढविणे केवळ फुग्याने साधत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीत डेव्हिड हिल्डेनब्रँड याने घडविलेली व्हर्टिओ-मेम ही योजना समाविष्ट झाली. तीत दोन्ही पद्धतींचा मेळ घातला आहे. स्मृती खंडांच्या रूपाने वाढते, आणि काढून घेताना अवघ्या काही मेगाबाइटांचे तुकडे एकेक करून रिकामे केले जातात. एका तुकड्यात स्थावर पान निघाले तर तेवढा सोडून दुसरा घेतला जातो. त्यामुळे दहा गिगाबाइट मागितले असता कधी आठच परत येतील; पण एका पानापायी सर्वच अडणार नाही.

घटीचा आणखी एक उपयोग सांगणे अवश्य आहे. स्मृतीच्या चिपाही झिजतात. एखाद्या पानात पुन्हा पुन्हा दुरुस्त होण्याजोग्या चुका दिसू लागल्या, तर कर्नल त्यातील मजकूर वेळीच दुसरीकडे नेऊन ते पान कायमचे वापरातून काढू शकतो. येथेही तोच भेद आडवा येतो: पान जंगम असेल तर हे सहज होते, स्थावर असेल तर होत नाही.

सारांश असा की, भर घालताना कर्नलला फक्त नव्या जागेची नोंद करावयाची असते. घट करताना मात्र त्या जागेच्या भरवशावर आजवर जे जे उभे राहिले, त्या प्रत्येकाची सोय लावावी लागते. ही सोय आयत्या वेळी होत नाही. जागा देतानाच ती परत कशी घेता येईल याचा विचार झालेला असावा लागतो.

स्वाध्याय

१. एका यंत्रात ८ गिगाबाइट स्मृती आहे. पान ४ किलोबाइटांचे आणि नोंद ६४ बाइटांची धरून पानांची संख्या आणि दप्तराला लागणारी जागा काढा.

२. आज्ञावलीचे पान हलविले तरी तिला का कळत नाही? कर्नलच्या पानाबाबत तसे का होत नाही?

३. खंड रिकामा करण्यापूर्वी तो वेगळा काढला नाही, तर कोणती अडचण येईल?

४. एका यंत्रात ३२ गिगाबाइट स्मृती सामान्य क्षेत्रात आणि ९६ गिगाबाइट जंगम क्षेत्रात आहे. दोहोंचे प्रमाण काढा. जंगम क्षेत्रात आणखी ६४ गिगाबाइटांची भर घातल्यास ते प्रमाण किती होईल, आणि त्यात कोणता धोका आहे?

५. आपल्या गावातील ग्रंथालयाचे एक कपाट पुस्तकांची देवघेव चालू असतानाच काढावयाचे आहे, असे समजा. नोंदवहीत काय बदलावे लागेल आणि कोणते काम कोणत्या क्रमाने करावे लागेल, ते लिहा.